न पाहता केलेली सही

५ जानेवारी, रविवार

आज माझ्या गळ्यात शिट्टी पडली. पितळी आहे, जुनी आहे आणि फुंकली की आधी धूळ येते, मग आवाज.

झालं असं की प्रार्थना संपल्यावर गुरुजींनी मला थांबवून घेतलं. आमच्या प्रार्थनागृहात मुलांचं स्काउट पथक वीस वर्षांपासून आहे, मुलींचं कधीच नव्हतं. आता तीन महिने चालवून बघायचं, असं मंडळानं मान्य केलंय. मान्य म्हणजे कसं, दातांचे डॉक्टर मंडळाचे अध्यक्ष आहेत, त्यांनी मान्य करताना मान हलवली ती आडवी हलवावी तशी हलवली. त्यांची अट: सहा एप्रिलच्या वार्षिक सभेपर्यंत बारा मुलींनी सेवा-पदक मिळवायचं. मिळवलं तर मुलींच्या पथकाला स्वतःचा ध्वज आणि कायमची जागा. एक जरी कमी पडली तर पथक बंद.

मी म्हटलं, मीच का? गुरुजी म्हणाले की तुमच्याइतकी कडक बाई आपल्यात दुसरी नाही. मी ते कौतुक म्हणून घेतलं. एकोणीस वर्षं वजनकाटे तपासते आहे. दुकानदार मला लांबून बघितलं की पारडं पुसायला घेतात.

लेक तेरा वर्षांची आहे. पथकात पहिलं नाव तिनंच दिलं होतं. पथकप्रमुख आईच, हे कळल्यावर तिचा चेहरा अध्यक्षांच्या दात काढायच्या खुर्चीत बसवल्यासारखा झाला.

१२ जानेवारी

बरोब्बर बारा मुली आल्या. तेरावी असती तर मला जरा श्वास घेता आला असता. सर्वांत धाकटी अकराची, टायर दुरुस्त करणाऱ्याची मुलगी. एका जागी क्षणभर थांबत नाही म्हणून तिचं नाव खारूताई पडलं. माझंही नाव पडलंय, काटाबाई. मला कळू नये म्हणून हळू बोलतात, पण माझे कान वजनांइतकेच अचूक आहेत.

प्रार्थनेला येणाऱ्या एक नर्सबाई मदतीला आहेत. त्या हसून शिकवतात, मी न हसता. दोघींचं बरं जमेल.

२६ जानेवारी

तंबू. सकाळी दवाखान्याच्या मागच्या मैदानात दोन्ही पथकांनी तंबू ठोकले. वारा असा की माझी टोपी दोनदा गेली. अध्यक्ष स्वतः बघायला आले होते. मुलींना खुंट्या जड जातील म्हणून मुलांनी मदत करावी, असं त्यांनी सुचवलं. मी म्हटलं, नको.

मुलींना मी एक गाठ शिकवली आहे, माझे वडील गोण्यांना मारायचे ती. ओढ बसली की घट्ट होते आणि टोक खेचलं की एका झटक्यात सुटते. दहा वाजता मोठी वावटळ आली. मुलांचे दोन तंबू उडून कुंपणाला लागले. आमचे तिन्ही जागच्या जागी. पोरींनी आरडाओरडा केला नाही, नुसत्या रांगेत उभ्या राहिल्या आणि अध्यक्षांकडे बघत राहिल्या. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं, खोटं कशाला लिहू.

२ फेब्रुवारी

आज सेवा-पदकाचा नियम वाचला आणि माझी झोप उडाली.

सलग तीस दिवस एखाद्याची सेवा करायची. ती कुणाची, कुठे, कसली, हे कुणाला सांगायचं नाही. आधीही नाही, नंतरही नाही. ज्याची सेवा केली त्यानंही बोलायचं नाही. कळलं तर तेवढे दिवस गेले, पुन्हा पहिल्यापासून, तेही नवी सेवा शोधून. शेवटी पथकप्रमुखानं एकच प्रश्न विचारायचा, “केलीस?” मुलीनं म्हणायचं, “केली.” की कार्डावर सही.

मी गुरुजींना म्हटलं, आणि खरं की खोटं हे बघायचं कुणी? ते म्हणाले, कुणीच नाही, तेच तर पदक आहे. सेवा आणि देव यांच्यामध्ये तिसरं माणूस नको, असं त्यांचं म्हणणं. ऐकायला छान आहे. पण मी आजवर न बघता साध्या पावशेराच्या वजनावरही शिक्का मारलेला नाही. आणि प्रार्थनेचं म्हणाल तर, इथे लिहायला हरकत नाही, मी ती हजेरीपटावर सही केल्यासारखी करते. जाते, बसते, येते.

९ तारखेपासून सुरुवात.

१८ फेब्रुवारी

लेक घरी सात वाजता येते. आधी साडेपाचला यायची. विचारलं तर ताकास तूर लागू देत नाही. स्कार्फाला काळे डाग, पितळ घासलं की पडतात तसे. केसांत भुसा. शाळेमागच्या गोदामात हुंदडत असणार.

तिचे बाबा जहाजावर असतात. फोनवर त्यांना सांगितलं तर म्हणाले, नियमच आहे ना, मग कशाला खोदतेस? समुद्रात बसून बोलायला काय जातं.

४ मार्च

आज मी काय केलं ते लिहायला हात धजत नाही.

खारूताईवर माझा संशय होता. एवढी चंचल पोर तीस दिवस एक काम करेल? सकाळी ऑफिसला जाताना ती गल्लीच्या नळावर दोन कॅन भरताना दिसली. मी मागे गेले. ठरवून गेले, ओघात गेले असं म्हणणार नाही. ती एका जुन्या इमारतीत शिरली, कॅन वाजू न देता तीन मजले चढली. मी दुसऱ्या मजल्यावर थांबले. वर एका म्हाताऱ्या पोस्टमनची खोली आहे, तिथे पाणी चढत नाही. तिनं माठ भरल्याचा आवाज मी ऐकला आणि मनात अगदी समाधानानं शिक्का मारला.

ती उतरली ती थेट माझ्यासमोर. रिकामे कॅन खाली ठेवले.

“बाई, तुम्ही पाहिलंत?”

नाही म्हणता आलं असतं. जिभेवर आलंही होतं.

“हो.”

चोविसावा दिवस होता तिचा, मी मनात मोजला. मग म्हणाली, “मग उद्यापासून पहिला.”

मी म्हटलं की मी कुणाला सांगणार नाही, तू पुढे चालू ठेव. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, कमी वजन ठेवणारा दुकानदार मीच आहे. “नियम आहे ना,” म्हणाली. नवी सेवा शोधेन म्हणाली. आणि कॅन उचलून पुन्हा नळाकडे निघाली, कारण आजोबांची बादली भरायची राहिली होती. मी विचारलं, आता इथे कशाला? तर म्हणते, “आजोबांना पाणी लागतंच की.”

उद्यापासून तीस दिवस म्हणजे तीन एप्रिल. सभा सहाला. पोरीला मध्ये एक दिवस ताप आला तरी पथक बुडालं, आणि ते बुडवणारी मी.

९ मार्च

कवायतीनंतर मुलींना गोल बसवलं आणि सांगून टाकलं. नाव घेतलं नाही, पण एकीच्या मागे मी गेले, तिचे दिवस माझ्यामुळे गेले, चूक माझी, असं उभं राहून म्हटलं. एकोणीस वर्षांत कुणासमोर चूक कबूल केली नव्हती.

एकीनं विचारलं, “बाई, आता तुम्हीही पुन्हा पहिल्यापासून?” हसू फुटलं, माझंही. लेक तेवढी हसली नाही. ती माझ्याकडे बघत होती, पहिल्यांदाच बघितल्यासारखी.

१० मार्च

आज तीस दिवस पूर्ण झाले, खारूताई सोडून सगळ्यांचे.

१३ मार्च

लेक आजही सातला आली. कालही. सेवा संपली ना? मग ही जाते कुठे? याचा अर्थ उघड आहे. इतके दिवस सेवेचं नाव सांगून दुसरीकडेच भटकत होती, आणि आता सवय सुटत नाहीये. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

१६ मार्च

दहा कार्डांवर सह्या केल्या. “केलीस?” “केली.” दहा वेळा. पहिल्या सहीला हात जड होता, दहाव्यापर्यंत हलका झाला. वकिलाच्या मुलीनं तर “केली” म्हणताना डोळे मिटले. या पोरी खोटं बोलत नाहीत. हे मी कशावरून म्हणते, सांगता यायचं नाही, पण म्हणते.

अकरावी माझी लेक. तिला मी घरी थांबवलं आणि एक नाही, दहा प्रश्न विचारले. कुठे होतीस, कुणाकडे, भुसा कसला, संपल्यावरही उशीर का? पथकप्रमुखाच्या मुलीला सूट दिली असं कुणी म्हणायला नको. मी माझ्या सख्ख्या बहिणीच्या घरातही सूट दिलेली नाही.

“आई, सही कर नाहीतर करू नको. मी सांगणार नाही.”

मी कार्ड कपाटात ठेवलं. ती जेवली, ताट घासलं, झोपायला गेली. रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

२० मार्च

सहकारी रजेवर, म्हणून आज अक्काच्या दुकानाची तपासणी माझ्या वाट्याला आली. दरवर्षी मी ती त्याच्यावर ढकलते.

सहा वर्षांपूर्वीचं इथे लिहूनच ठेवते. अक्का माझी थोरली बहीण, तिचं धान्याचं दुकान. भावजींच्या काट्याच्या पारड्याखाली मला मेणाचा गोळा सापडला. दुकानात गिऱ्हाईक भरलेलं होतं. मी तिथल्या तिथे मोठ्यानं वाचून दाखवलं आणि सील ठोकलं. महिनाभर दुकान बंद. अक्का एवढंच म्हणाली की आधी घरी येऊन सांगितलं असतंस. मी म्हटलं, काटा कुणाचा हे मी बघत नाही. त्यानंतर आम्ही बोललेलो नाही. प्रार्थनेला ती डावीकडे बसते, मी उजवीकडे. सील बरोबरच होतं. मोठ्यानं वाचायची गरज होती का, हा प्रश्न मी सहसा स्वतःला विचारत नाही.

भावजी वर्षभर अंथरुणाला खिळलेत. अक्का एकटीच बघते. मला वाटलं होतं दुकानाची दैना असेल. फायलीत दरवर्षी ताशेरे आहेत, पारडी अस्वच्छ, वजनं काळी. आणि आज? वजनं आरशासारखी. मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीनं, मुठी डावीकडे, अगदी माझ्या पेटीत असतात तशी. काट्यात केसाचा फरक नाही. गोण्यांच्या तोंडाला वडिलांची गाठ. म्हटलं, शेवटी बहीण कुणाची! उशिरा का होईना, शिकली.

अक्काचे डोळे फार अधू झालेत. शिक्का कुठे मारला ते तिला बोटानं चाचपून बघावं लागलं. मी म्हटलं, काटा चोख आहे. सहा वर्षांतलं माझं पहिलं वाक्य. ती म्हणाली, “पुसणारं माणूस चांगलं आहे.” मोलकरीण ठेवलेली दिसते. मी म्हटलं, टिकवून ठेव. तिनं तोंड उघडलं, मिटलं आणि पोत्यावरची चिठ्ठी उगाच सरळ केली.

बाहेर आल्यावर स्कूटर सुरू करताना मला इतकं बरं का वाटत होतं, कळलं नाही.

२५ मार्च

अध्यक्ष बाजारात भेटले. “अकरा झाली म्हणे? नाही, दहाच? अरेरे.” त्यांच्या त्या अरेरेमध्ये साखर होती. वर म्हणाले की स्वतःच्या मुलीचं कार्ड अडवलंत, हे मात्र शोभलं तुम्हाला. तीन महिन्यांपूर्वी मला हे गोड लागलं असतं. आज दातात खडा आल्यासारखं झालं.

बारावी खारूताई, तिचे दिवस चालू आहेत. अकरावी कपाटात.

३० मार्च

गुरुजींकडे गेले. सांगितलं, माझी मुलगी खोटं बोलते की खरं, हे मला कळत नाही, आणि न कळता मी सही करत नाही. पथक बुडालं तरी चालेल.

त्यांनी चष्मा पुसायला घेतला. मग त्यांनी विचारलं की तुम्ही दुकानदाराचा काटा कशानं तपासता? माझ्या वजनांनी, मी म्हटलं. ती कोण तपासतं? जिल्ह्याच्या कचेरीतली वजनं. आणि ती? त्याच्या वरच्या कचेरीतली. ते विचारत गेले, मी चढत गेले, आणि सगळ्यात वरच्या, काचेखाली ठेवलेल्या वजनापाशी आले. त्याला तपासायला काही नाही. सगळ्यांनी मिळून ते खरं धरलंय, म्हणून खालची सगळी दुकानं चालतात.

एकोणीस वर्षं मला हे माहीत आहे. परीक्षेत लिहिलंसुद्धा होतं.

मला गुरुजींचा राग आला. दारापर्यंत सोडायला आले तेव्हा म्हणाले, “मुलीवर संशय आहे की स्वतःच्या हातावर, एवढं बघा.”

२ एप्रिल

तेरा वर्षं ही मुलगी माझ्या घरात आहे. आजवर ती माझ्याशी काय काय खोटं बोलली, याची यादी करायला बसले. फुटलेली बरणी, चार वर्षांची असताना. पुढे काही आठवेना. मी तपासत होते म्हणून ती खरं बोलत आली, असं मी धरून चालले होते. तिला मी कधी न तपासता सोडलीच नाही, तर कळणार कसं?

३ एप्रिल

खारूताई संध्याकाळी धापा टाकत दारात. तीस झाले. “केलीस?” “केली.” मी सही केली. नवी सेवा कुठली, मला माहीत नाही. आजोबांचं पाणीही चालूच असणार, पण तेही मी बघायला गेले नाही. तिला मी घट्ट जवळ घेतलं, कडकपणा गेला उडत.

ती गेल्यावर कपाटातून कार्ड काढलं. लेक अभ्यास करत होती. आजही सातलाच आलेली. मी समोर बसले.

“केलीस?”

तिनं पेन खाली ठेवलं. “केली.”

सही केली. तारखेसकट. तिनं कार्ड घेतलं, दोन्ही हातांनी धरलं आणि मग माझ्या मांडीत डोकं घालून रडली, सोळा तारखेचं सगळं. मीही. तिच्या केसांत आजही भुसा होता. मी तो एकेक करून काढला आणि विचारलं नाही.

६ एप्रिल, रविवार

सभागृह भरलेलं. बाराजणी, बारा स्कार्फ, इस्त्री अशी की कडेनं कागद कापता यावा. अध्यक्षांनी कार्डं चाळली. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, “बाई, तुम्ही तर तपासनीस. या बारा सेवा झाल्या, हे तुम्ही स्वतः पाहिलंय?”

नर्सबाईंनी माझ्याकडे बघायचं टाळलं.

मी उभी राहिले. “एक पाहिली, आणि ती नियमाप्रमाणे बाद झाली. त्या मुलीनं पुन्हा पहिल्यापासून केली. उरलेल्या मी पाहिलेल्या नाहीत. सह्या माझ्या आहेत.”

“न पाहता?”

“न पाहता. सगळ्यांच्या. माझ्या मुलीच्यासुद्धा.”

ते काहीतरी बोलायला गेले, पण मागून कुणीतरी टाळी वाजवली, मग बाकांमागून बाकं. खारूताईनं ध्वज उचलला. काठी तिच्या दुप्पट उंचीची, पण पोर हलली नाही, पहिल्यांदाच एका जागी उभी राहिली. बाराजणींनी वचन म्हटलं. माझे डोळे गळत होते आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं. त्यानंतर प्रार्थना झाली. आज मी हजेरी लावली नाही. मी तिथे होते.

लोक पांगताना अक्का डावीकडून उजवीकडे आली. बाकांना हात लावत लावत. माझ्या समोर उभी राहिली, माझा हात शोधला आणि धरला.

“मला तुला तुझ्या लेकीबद्दल एक सांगायचंय.”

पलीकडे लेक ध्वजाची घडी घालत होती. ती एकदम थांबली. चेहरा पांढरा.

मी अक्काच्या तोंडावर हात ठेवला. “सांगू नकोस, अक्का. सांगितलंस तर तिचं पदक जाईल.”

अक्का मला बघत राहिली, तिला दिसते तेवढी. मग तिनं मान हलवली. काय सांगणार होती, कोण जाणे. मी विचारलेलं नाही, विचारणारही नाही.

मग आम्ही दोघी त्याच बाकावर बसून दुसऱ्याच गोष्टी बोललो. भावजींच्या पाठीचं, तिच्या डोळ्यांचं, मी त्या दिवशी मोठ्यानं वाचलं त्याचं. ते मी आज हळू आवाजात पुन्हा सांगितलं आणि माफी मागितली. सहा वर्षांचं साचलेलं होतं. राखणदार किल्ल्या वाजवत आला तेव्हा आम्ही तिसऱ्याच वर्षापर्यंत पोचलो होतो.